कोणाच्या हातचं?

वैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून जेवढ्या चुली पेटत असतील, त्या सगळ्या चुलींवरचा स्वयंपाक नुसत्या जिभेवर ओळखणारा माणूस आमच्या भंडाऱ्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बाबांच्या बाजूच्या टेबलावर बसत असे. बाबा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, हेही कारकून. त्यामुळे आमच्या घरात त्यांचं नाव 'बाजूच्या टेबलाचे काका' असंच पडलं. पुढे बाबांचं टेबल बदललं, खोली बदलली, एकदा तर मजलाही बदलला, पण काका बाजूच्या टेबलाचेच राहिले. खाण्यावर एवढं प्रेम करणारा माणूस चांगला भरलेला असेल असं कोणालाही वाटेल. काका मात्र असे किडकिडीत होते, की वारा सुटला की आई म्हणायची, "भाऊजी, सायकल धरून उभे राहा." सगळं खाल्लेलं त्यांच्या अंगी लागण्याऐवजी स्मरणात जात असावं.

त्यांना चव कळायची असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं झालं. चव कोणालाही कळते. काकांना हात कळायचा. लाखनीला एका लग्नात पंगतीत बसले असताना वरणाचा पहिला भुरका मारून ते थबकले आणि म्हणाले, "ही फोडणी रागात पडली हाय." शेजारचे लोक हसले. मागच्या बाजूला चौकशी केली, तर नवरदेवाची काकू मानपानाच्या साडीवरून सकाळपासून कोणाशी बोलत नव्हती आणि तिनेच येऊन तेलात मोहरी आपटली होती. पवनीकडच्या दौऱ्यात आसगावला एका घरी जेवताना त्यांनी भाजीत बोट बुडवलं आणि घरधन्याकडे पाहून विचारलं, "वहिनी वावरात गेल्या वाटते? मीठ तुम्ही टाकलं." घरधनी लाजून लाल. सगळ्यात मोठा पराक्रम त्यांनी भाच्यासाठी मुलगी पाहायला गेल्यावर केला. पोह्यांचा एक घास घेऊन ते सरळ म्हणाले, "हे पोरीनं नाही केले. शेजारणीनं करून आणले." ते लग्न अर्थातच मोडलं. भाच्याचं पुढे त्या शेजारणीच्याच मुलीशी जमलं आणि काका ते स्वतःचं यश म्हणून सांगत फिरले.

या माणसाला खोटं मात्र बोलता येत नसे. तो त्यांचा गुण होता की व्यंग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साहेबांच्या बायकोने केलेल्या शिऱ्याला सगळी कचेरी माना डोलावत असताना हे म्हणाले, "रवा कच्चा हाय बाई," आणि साहेबीणबाईंनी त्यांना पुन्हा कधी वाटी दिली नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "खोटं बोललो का मंग चवच जाते तोंडाची," असं ते गंभीरपणे सांगत, जणू काही डॉक्टरने तपासून दिलेला निर्वाळा असावा.

आता आमच्या घराबद्दल सांगितलं पाहिजे. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा शाळेत होते. आमच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, अंगणात कडुनिंब होता आणि त्याच्याखाली एक खाट. दर रविवारी सकाळी काका सायकलवरून येत आणि त्या खाटेवर बसत. सायकलच्या हँडलला कापडी छागल लटकवलेली असे. त्यात त्यांच्या घरचं पाणी. बाबांचा आणि त्यांचा जीव एकमेकांवर होता, यात शंकाच नव्हती. मला टायफॉइड झाला तेव्हा बाबा दौऱ्यावर होते, आणि मला कॅरिअरवर बसवून, पडू नये म्हणून स्वतःच्या जुन्या धोतराने पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं ते काकांनीच. बाबांची बदली दूर करायचं घाटत होतं तेव्हा साहेबांशी भांडले तेही काकाच. असा माणूस आमच्या घरी दर रविवारी येई, दोन-दोन तास बसे, आणि आमच्या घरचा एक दाणाही कधी तोंडात टाकत नसे.

खोटं बोलता येत नसल्यामुळे त्यांची फार पंचाईत व्हायची. दुसरा एखादा म्हणाला असता, आत्ताच जेवून आलो. काकांना तसं म्हणायचं तर खरोखर जेवून यावं लागे. म्हणून रविवारी ते घरून ठासून जेवून येत. इतकं, की खाटेवर बसताना त्यांना कण्हावं लागे. आई लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आली की ते दोन्ही हात जोडून म्हणत, "वहिनी, तुमची आण, पोटात सुपारीले जागा नाही." आणि ते अगदी खरं असे. वड्यांचा वास अंगणभर पसरलेला, काकांच्या नाकपुड्या फुललेल्या आणि पोटाला तडस लागलेली. मग छागलीतलं पाणी प्यायचं आणि बोलायला लागायचं. बोलायचं कशावर? तर कोणाच्या घरी काय खाल्लं त्यावर. अमक्या पाटलीणबाईच्या हातची पातोडी, तमक्या मास्तरणीच्या हातचं वांगं, तुमसरच्या कोणा म्हातारीच्या हातची जवसाची चटणी. आई दारात बसून तांदूळ निवडत ऐकायची. सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांचे हात तिच्या अंगणात येऊन वाखाणले जात, फक्त तिचा हात सोडून. आई स्वयंपाकात कोणाला हार जाणारी नव्हती, आणि तिला ते माहीत होतं. काका गेल्यावर ती वडे आमच्या ताटात वाढायची आणि म्हणायची, "खा रे, तुम्हाले काय कळते त्याच्यातलं." बाबा खाली मान घालून खात. मला वाईट वाटायचं, पण कोणाचं वाईट वाटावं हे त्या वयात नीट कळत नव्हतं.

याचं मूळ होतं काकांच्या आईत. म्हातारी विधवा, गुडघ्यांनी अधू, घराच्या उंबऱ्याबाहेर तिचं जाणं नव्हतं. दाराशी पोतं टाकून ती दिवसभर बसे, आणि संध्याकाळी काका सायकल लावत असतानाच तिचा प्रश्न येई, "काय खाल्लं आज?" आणि लगेच दुसरा, "कोणाच्या हातचं?" काका हातपाय धुण्याआधी सगळा हिशेब देत. इतकी वर्षं रोज उत्तर द्यायचं म्हणूनच बहुधा त्यांना प्रत्येक घासातला हात लक्षात ठेवायची सवय लागली. आणि ज्या हाताचं नाव आईपुढे घेता येणार नाही, त्या हाताचं खायचं नाही, एवढा साधा मार्ग त्यांनी काढला होता. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्या गावात अशा गोष्टी न सांगताच सगळ्यांना माहीत असायच्या.

आणीबाणी उठली त्या सुमारास आईनेच त्यातून वाट काढली. एका रविवारी वडे न तळता तिने बिस्किटांचा पुडा आणला आणि तो न फोडता, तसाच, खाटेवर काकांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या भाऊजी. फोडा तुम्हीच." काकांनी पुडा उलटा केला, सुलटा केला, कानाशी नेऊन हलवला. मग नखाने कागद सोडवून एक बिस्किट काढलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून बराच वेळ हात शोधला. शेवटी हताश होऊन म्हणाले, "याच्यात कोणीच नाही वो वहिनी!" संध्याकाळी घरी त्यांची तपासणी झाली, ती त्यांनी पुढच्या रविवारी आम्हाला नाट्यासकट करून दाखवली. म्हातारीने विचारलं, कोणाच्या हातचं? हे म्हणाले, हात नाही लागत आई, मशीनचं हाय. तर म्हातारी म्हणाली, "मशीन कोणाची हाय?" काका अडकले. खोटं तर बोलवेना. "सरकारी असन," ते अंदाजाने म्हणाले. म्हातारीने विचार केला आणि हुकूम दिला, "सरकारी असन तं खा." आम्ही पोट धरधरून हसलो. आईसुद्धा हसली. त्यानंतर दर रविवारी खाटेवर पुडा येऊ लागला. वाटीत नाही, ताटलीत नाही, पुड्याच्याच कागदावर. आईने त्या माणसापुढे आपलं भांडं ठेवायचं सोडून दिलं.

पुढे मी नागपूरला कॉलेजात गेलो. तेव्हा नूडल्सची पाकिटं नवीनच निघाली होती. शेजारच्या टीव्हीवर त्यांची जाहिरात लागली की पोरं ओरडत, दोन मिनिटं, दोन मिनिटं! सुटीत घरी येताना मी काही पाकिटं घेऊन आलो. आईने एक फोडून आतली वाकडी वडी हातात धरली, वास घेतला आणि म्हणाली, "शेवयाच हाय ना बापा, निस्त्या भांडलेल्या." दोन मिनिटांचं तर तिला फारच हसू आलं. "दोन मिनिटात तं चूल बी नाही पेटत." नेमका तो रविवार होता आणि काका खाटेवर होते. मी बाहेर येऊन उत्साहाने त्यांना सांगितलं, की आज एक नवीन प्रकार आहे, पाकिटातलाच, खाऊन पाहा. काकांनी बाबांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. आत चर्र झालं. लसणाचा आणि हिरव्या मिरचीचा खमंग वास आला. कायद्याने तो पदार्थ पाकिटातला होता. पण पाणी आमच्या माठातलं, भांडं आमचं, फोडणी आमची. काका त्या दिवशीही ठासून जेवून आले होते, तरी मी त्यांना आवंढा गिळताना पाहिलं.

आईने ताटली आणली. किती वर्षांनी आमची ताटली त्या खाटेवर आली. काकांनी विचारलं, "पाकिटातलंच होय ना वहिनी?"

"पाकिटातलंच हाय भाऊजी," आई म्हणाली. "हा पोट्टा नागपूरहून घेऊन आला."

"मंग ठीक हाय."

ते सुटे धागे बोटांना गुंडाळत, हनुवटीला चिकटवत, नाकाला पाणी आणत काकांनी ती ताटली रिकामी केली. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता ते डोळे उघडतील आणि काहीतरी बोलतील. पण हात कळला नाही असं त्यांनी म्हटलं नाही, आणि कळला असंही नाही. फक्त ताटली पुढे करून हळू आवाजात म्हणाले, "आणखी हाय का?" मी ताटली घेऊन आत गेलो, तर ओट्यावर मसाल्याच्या चांदीसारख्या पुड्या होत्या. जशाच्या तशा, न फोडलेल्या. मी आईकडे पाहिलं. ती कढईत झाऱ्या फिरवत म्हणाली, "वास नाही आवडला मले त्याचा. मी माहा मसाला टाकला." आणि लगेच, "तू काहून पाहून राहिला तोंडाकडं? घेऊन जा गरम हाय तोवर."

त्या दिवशी काका इतक्या तंद्रीत निघाले, की पाणी प्यायला काढून कडुनिंबाच्या फांदीला अडकवलेली छागल तशीच राहिली. संध्याकाळी बाबांनी मला ती पोहोचवायला पाठवलं. मी त्यांच्या कुंपणाशी पोहोचलो तेव्हा म्हातारीची चौकशी सुरू होती.

"कसं होतं मंग?"

"शेवयावानी होतं आई. पर असं झणझणीत! लसूण असा खमंग, मिर्ची बेतानं…" काका बोलतच सुटले होते.

"कोणाच्या हातचं?"

काका थांबले. मी छागल धरून उभा होतो, पाणी माझ्या पायावर गळत होतं. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. मला पाहूनही, माझ्याकडे पाहतच, ते म्हणाले, "मशीनचं."

मला त्यांचा एवढा राग कधीच आला नव्हता. छागल कुंपणाला अडकवून मी परत आलो आणि आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मले मशीन म्हणाले!" तो आठवडाभर तिला दुसरा विषय नव्हता. "मशीनले पाणी द्या रे कोणी." "आता मशीन जरा पडते." बाबांना ते हसू सहन होत नसे, ते उठून अंगणात जात. ती खरोखर गमतीने म्हणत होती की कसं, हे मी तिला विचारलं नाही. पण एकदा भांडी घासताना तिने एकटीनेच तो शब्द पुटपुटलेला मी ऐकला, तेव्हा ती हसत नव्हती.

काका पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कचेरीत बाबांशी बोलत, पण खाटेचा विषय आला की फाइलीत डोकं घालत. आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं बोलले होते, आणि ते माझ्यासमोर. बाबा म्हणाले, "त्याच्या डब्यातलं त्याले गोड लागून नाही राहिलं." तोंडाची चव जाते म्हणत, ते बहुतेक खरंच झालं होतं.

पावसाळा संपून धान कापणीला आलं, मी पुन्हा सुटीत घरी होतो, तेव्हा एके सकाळी काकांची सायकल दारात आली. ते खाटेवर बसले नाहीत. सरळ दारापाशी येऊन, उभ्याउभ्याच, आईला म्हणाले, "वहिनी, ते मशीनचं नव्हतं. मले पहिल्याच घासाले कळलं होतं."

"मले बी मालूम होतं भाऊजी, तुम्हाले कळलं म्हणून," आई म्हणाली.

मग कळलं की म्हातारी अंथरुणाला खिळली होती. अन्न जात नव्हतं. इतके दिवस काकांनी घरी त्या खाण्याचं वर्णन इतक्यांदा केलं होतं, की म्हातारीने शेवटी तेच मागितलं. काकांनी बाजारातून पाकीट आणलं, त्यांच्या बायकोने पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ते पुडीतला मसाला घालून केलं, आणि म्हातारीने एक घास घेऊन तोंड फिरवलं. "तू सांगत होता ते हे नाही," ती म्हणाली. जन्मभर लेकाच्या तोंडून खात आलेली ती बाई, न खाल्लेली चवही तिला ओळखू आली.

चूल पेटलेलीच होती. आईने मिरची बेताची घातली, म्हातारीसाठी मऊ शिजवलं, डब्यात भरलं आणि देताना विचारलं, "तुमच्या आईनं विचारलं तं काय सांगान?" काका म्हणाले, "दुसऱ्यांदा खोटं नाही बोलता येत वहिनी." आणि डबा छातीशी धरून, एका हाताने सायकल चालवत गेले.

दुसऱ्या दिवशी ते घासलेला डबा घेऊन आले आणि खाटेवर बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आईनं विचारलं, कोणाच्या हातचं? मी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं," काका म्हणाले. "आई थांबली. मंग अजून एक घास घेतला अन् मले म्हणे, 'इतके वर्षं त्या घरी जाऊन राहिला तू, अन् हे आज आणलं?' मी म्हटलं, 'तू विचारत होती ना रोज.' तं म्हणे, 'अरे, मी दारात बसून राहते. तू सांगतो तेवढंच माह्यं हिंडणं. म्हणून विचारत होती. मनाई कवा केली मी?'" काका आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहू लागले. "खरंच नव्हती केली वो. मी आठवून आठवून पाह्यलं रातभर. आई निस्ती विचारत होती."

मनाई खरंच नव्हती, की आजारपणात म्हातारी ती विसरली, हे आता कोणी सांगू शकत नाही. बाबा पुढे एकदा म्हणाले, की ती मनाई याचीच होती आणि याने ती आईच्या नावावर खपवली. मला तेवढं कठोर होता येत नाही. पण दर रविवारी ठासून जेवून येणारा तो किडकिडीत माणूस आणि दारातून परत जाणारे ते वडे आठवले, की फार हळहळ वाटते.

म्हातारीने काकांना बजावलं होतं, "येत्या रविवारी पोटभर जेव तिच्या घरी, अन् काय काय होतं ते मले येऊन सांग." आईने त्यासाठी डाळ भिजत घातली होती. पण रविवार उजाडायच्या आत म्हातारी गेली. काका आले ते तेरवी झाल्यावर, बोडक्या डोक्याने. त्या दिवशी ते घरून जेवून आले नव्हते. आईने पाट मांडला, आत, चुलीसमोर. लाखोळीचे वडे, जवस घातलेलं वांगं, पातोडी, भात. मागच्या सगळ्या रविवारांचं तिला एकदम वाढायचं असावं. काका खाली मान घालून जेवले, मागून मागून जेवले. आई समोर बसून होती. सगळ्या जिल्ह्याच्या हातांबद्दल बोलणारा माणूस आज आपल्या हाताबद्दल काय बोलतो, याची ती किती वर्षं वाट पाहत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काकांनी हात धुतले. सायकलवरची छागल काढून तिच्यातलं पाणी कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं आणि ती आईपुढे धरून म्हणाले, "भरून द्या." आईने माठातलं पाणी भरून दिलं. ते फाटकापर्यंत गेले, सायकलला टांग मारायला म्हणून पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "आज सांगण्यासारखं होतं. पर आता घरी विचारन कोण?"

आई फाटकाला धरून उभी राहिली. काका मग दर रविवारी येत राहिले, आमच्याकडे जेवत राहिले, अगदी बाबा निवृत्त होईपर्यंत. पण कोणाच्या घरी काय खाल्लं, कोणाच्या हातचं खाल्लं, हे त्यांनी त्यानंतर कोणालाही सांगितलं नाही.